माजा पोरगा आत हाय

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच — ते माझ्या खालच्याच मजल्यावर राहतात, जिन्यात रोज भेटतात आणि रोज विचारतात, "काय रं, जेवलास का?" जेवलो, म्हणतो. दुसरं काय म्हणणार?

गोष्ट एका मोबाईल गेमची आहे. हसलात ना? हसा. चाळिशीला टेकलेला माणूस, विम्याच्या ऑफिसात नोकरी, डोक्यावर टक्कल, आणि कबुली कसली देतोय तर गेमची! मीही असाच हसलो होतो. हसण्यापासूनच सगळं सुरू झालं, म्हणून आधी सांगून ठेवतो.

मी मूळचा सोलापूरकडचा. जुईनगरला गावठाणात भाड्याने राहतो. घरमालक हिराकाका — हिरामण नाव, पण सगळा गाव हिराकाकाच म्हणतो. वडील मिठागरावर राबले, पुढे नवी मुंबईसाठी सरकारकडे जमीन गेली, शहर आलं, आणि मिळालेल्या तुकड्यावर काकांनी ही तीन मजली बिल्डिंग उभी केली. सकाळी पंप चालू करायचा आणि टाकी भरेपर्यंत दारात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचं, हा त्यांचा नेम. माणूस असा की आम्ही नवीन राहायला आलो त्या दिवशी सामान चढवायला स्वतः आला, आणि संध्याकाळी काकूंनी कोलंबीचं कालवण पाठवलं. भाडेकरूला कोण पाठवतं हो?

त्यांचा एकुलता एक मुलगा रोशन कॅनडात आहे. व्हिडिओ कॉल व्हायचे. पण बाप-लेकाचे कॉल कसे असतात ते तुम्हाला माहीत आहे. "बरा हायस?" "बरा आहे." "जेवलास?" "जेवलो." मग दोघंही आपापल्या स्क्रीनवर दुसरीकडेच बघत बसायचे. शेवटी काकू फोन हिसकावून घ्यायच्या.

रोशन गेम खेळतो हे काकांना कळलं, आणि मीही तोच गेम खेळतो हेही कळलं. एक दिवस फोन घेऊन वर आले. म्हणाले, "शिकव." मी शिकवलं. कुठे दाबायचं, कसं पळायचं, बंदूक कशी उचलायची. पहिला महिनाभर ते नुसते भिंतीवर आपटायचे. पण नंतर काय सांगू — रविवारी सकाळी, रोशनकडे शनिवारची रात्र असायची, ते आणि मी आणि रोशन असे तिघं खेळायला बसायचो, आणि ज्या बाप-लेकाला फोनवर चार वाक्यं जमत नव्हती ते तास-दीड तास बोलायचे! "मागं बग रं, मागं!" "बाबा, झाडामागे लपा." "आरं, मना गोली लागली!" मधेच रोशन म्हणायचा, बाबा, गुडघा कसा आहे. काका पळता पळता सांगायचे, आणि मग गुडघ्याचं, डॉक्टरचं, गावच्या जत्रेचं, सगळं निघायचं. काकू पाठीमागून माइकमध्ये ओरडायच्या, "भात करतोस का रं नुसता पावच खातोस?" तो एक तास म्हणजे त्या घराचा आठवडा होता. हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

आणि मी काय करायचो? घरी वर गेल्यावर काकांची नक्कल करायचो. "मना गोली लागली!" बायको हसायची. मग म्हणायची, पुरे आता, अन्न खातो आपण त्यांच्या घरचं. भाडं देतो की, असं म्हणालो होतो मी.

मग कंपनीने जुना गेम बंद केला. सरळ बंद. सगळ्यांनी नव्यावर या म्हणे. नवा आला — चित्रं झकास, नकाशे झकास, आणि सर्व्हरचा पार बट्ट्याबोळ! स्क्रीनवर चाक नुसतं गरागरा फिरतंय, रांगेतला आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढतोय, कसाबसा आत शिरला माणूस की पुन्हा बाहेर. गेमची एक कम्युनिटी होती, हजारो लोकांचा ऑनलाइन ग्रुप, तिथे नुसता शिमगा चालला होता. मीही शिव्या घालत होतो. लांबलचक पोस्ट लिहायचो, सर्व्हरबद्दल, कंपनीच्या मग्रुरीबद्दल. माझ्या पोस्टला कुत्रं विचारत नव्हतं. हे लक्षात ठेवा — मी ठेवलं होतं.

नव्या गेमचा पहिला रविवार. रोशनचा मेसेज आला, बाबा, मी आत आहे, या लवकर. काका दारात खुर्चीवर, मी पायरीवर. काकू हात पुसत येऊन उभ्या. आणि चाक फिरतंय. चहा झाला. टाकी भरून वाहायला लागली, पंप बंद करायचं भान नाही. दोनदा आत गेले, दोनदा बाहेर फेकले गेले. मी माझ्या फोनवर चिडचिड करत होतो, तेवढ्यात काका म्हणाले, "हे कंपनीला कोन सांगनार?"

मी म्हणालो, "तुम्हीच सांगा काका. बोला, मी व्हिडिओ काढून पाठवतो."

खरंच पाठवणार होतो, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. देव जाणे काय होतं मनात — नाही, देवाला कशाला मधे घेऊ? मला माहीत होतं. मी फोन वर धरला तेव्हाच मला हसू दाबावं लागत होतं.

काकांनी सदऱ्याची गुंडी लावली. खुर्चीत सरळ बसले, एखाद्या साहेबासमोर बसावं तसे. "नमस्कार सायब. मी हिरामन, जुईनगर गाव. माजा पोरगा परदेशी हाय. फोनवर आमाला बोलता येत नाय. तुमच्या गेमात येतं. आठवड्यातना एकदाच. तवा तेवडी सोय करा." इतकं बोलून त्यांनी पुन्हा बटण दाबलं. चाक फिरलं, फिरलं, आणि परत बाहेर. आणि मग त्यांचा तोल गेला. "आरं, दार उघडा ना रं! माजा पोरगा आत हाय!" पुन्हा एकदा तेच — "माजा पोरगा आत हाय!" — आणि दुसऱ्या वेळी आवाज चिरकला. काकू म्हणाल्या, अहो, हळू.

मी वर गेलो, जेवलो आणि व्हिडिओ कापला. सुरुवातीचा भाग काढला — नमस्कार सायब, परदेशी पोरगा, फोनवर बोलता येत नाही, सगळं. ते राहिलं असतं तर कोणी हसलं नसतं. एवढी अक्कल होती मला! चेहरा दिसू नये म्हणून चित्र काढून टाकलं, नुसता आवाज ठेवला, तेवढीच माझी दया. वर लिहिलं, "लॉगिन करताना आपण सगळे". आणि टोपणनावाने कम्युनिटीत टाकला.

रागाच्या भरात झालं म्हणता आलं असतं तर बरं होतं. राग नव्हता. पोट भरलेलं होतं, पंखा चालू होता.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. संध्याकाळपर्यंत सगळी कम्युनिटी तेच बोलत होती. सर्व्हर पडला की हजार जण एकदम लिहायचे — माजा पोरगा आत हाय. कोणी त्याला ढोलकी लावली, कोणी त्याचं गाणं केलं. ज्यांना कधी माझं नाव माहीत नव्हतं ते मला बॉस म्हणायला लागले. आणि मला — लाज वाटते लिहायला — मला छान वाटत होतं. ऑफिसात बसून मी आकडे बघायचो, किती जणांनी ऐकलं.

एकदा काका आणि मी स्टेशनकडे गेलो होतो. एटीएमसमोर दोन कॉलेजच्या मुली उभ्या, आत कोणीतरी बराच वेळ घेत होतं. त्यातली एक काचेवर हात आपटून म्हणाली, "दार उघडा ना रं, माजा पोरगा आत हाय!" दोघी खिदळल्या. काका रस्त्याच्या कडेला होते. त्यांनी एवढंच ऐकलं आणि गुडघा सांभाळत लगबगीने तिकडे गेले. "कोनाचा पोरगा अडकला, बाय?" मुली त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मी काकांचा हात धरून त्यांना बाजूला घेतलं. काही नाही काका, मस्करी चालली आहे त्यांची. "पोराच्या नावानं मस्करी करतात व्हय?" एवढंच म्हणाले, आणि आम्ही भाजी घेऊन घरी आलो. त्या दिवशी मी ग्रुपवरून तो आवाज काढून टाकला. काय उपयोग? तो माझा राहिला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात रोशनचा फोन आला. त्याच्या रूमवरच्या पोरांनी तो आवाज रिंगटोनला लावला होता. बापाचा आवाज कोण ओळखणार नाही? ती पोरं हसली तेव्हा रोशनही हसला. हा माझा बाप आहे, हे त्याच्या तोंडातून निघालं नाही. हे त्यानेच काकांना सांगितलं, रडत रडत. म्हणाला, बाबा, तुम्ही असं कुठे बोललात? आणि शेवटी म्हणाला, आता जरा थांबू या, सर्व्हर नीट होऊ दे, मग खेळू.

काका माझ्याकडे वर आले. बसले नाहीत. म्हणाले, "कंपनीनं फोडलं रं. तू पाटवलंस ना त्यांना, त्यांनीच फोडलं."

आता बोल, आता बोल, असं मनात होतं. दार उघडं होतं, बायको आत होती, काका समोर. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "हो काका. या कंपन्या अशाच असतात."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "जमीन घेतली तवा निदान सही तरी घेतली हुती. आवाज घेतला तो न इचारता." आणि वर माझ्याच पाठीवर हात ठेवला — "तू कशाला मनाला लावून घेतोस? तू तर चांगलं कराला गेलास."

सर्व्हर पुढे नीट झाला. कधीचाच झाला. आता बटण दाबलं की गेम उघडतो, रांग नाही, चाक नाही. कम्युनिटीतही नवीन थट्टा आली, जुनी कोणाला आठवत नाही. काका दर रविवारी सकाळी खुर्ची टाकून बसतात, रोशनला बोलावणं धाडतात, थोडा वेळ थांबतात, मग माझ्याबरोबर खेळतात. माइक बंद ठेवतात. बंद कसा करायचा ते मी शिकवलं नव्हतं, त्यांनी स्वतःच शोधलं. गोळी लागली तरी आता आवाज नाही. रोशन का आला नाही हे विचारलं की मी सांगतो, कंपनीचं काम चालू आहे काका, तिकडचा सर्व्हर अजून अडतोय.

रोशन खेळतो. दर रविवारी, त्याच वेळेला, दुसऱ्या पोरांबरोबर. नव्या गेममध्ये माणूस आत असला की त्याच्या नावाशेजारी हिरवा ठिपका लागतो. मला दिसतो. काकांनाही दिसतो, फक्त तो कशाचा हे मी त्यांना शिकवलेलं नाही. बाकी सगळं शिकवलंय.

गेल्या रविवारी त्यांनी विचारलं. पंप चालू होता, काकू आत मासे साफ करत होत्या. फोन माझ्यापुढे धरून, रोशनच्या नावावर बोट ठेवून म्हणाले, "हा हिरवा कशाचा रं?"

मी म्हणालो, "नेटचा. नेट चांगलं असलं की हिरवा होतो."

त्यांचा चेहरा किती दिवसांनी असा सैल झालेला पाहिला मी. आत वळून हाक मारली, "अगं, रोशनचं नेट बरं चालतंय तिकडं!"

"बरं झालं," काकू आतून म्हणाल्या. "बर्फात बंद पडतं म्हनत हुता."

टाकी भरली. फोन माझ्या हातात देऊन काका पंप बंद करायला उठले. ठिपका हिरवाच होता.