बंद डिकीतला मिस्त्री

पाळी गावच्या रस्त्याला मिस्त्रीचं गॅरेज होतं. गाडीच्या डिकीत पाणी शिरायला लागलं की साखळी शहरातले लोकसुद्धा त्याच्याकडेच यायचे. डिकी रिकामी करून, टॉर्च घेऊन तो स्वतःच आत आडवा व्हायचा. "लावा डिकी. सोडा वरून पाणी." रस्त्यावरच्या खनिजाच्या ट्रकांनी उडणाऱ्या तांबड्या धुळीला आम्ही शिव्या घालायचो, त्याला मात्र ती कामाची. पाणी शिरेल तिथे डिकीत साचलेल्या धुळीत ओघळ उठायचा. ओघळ दिसला की तो आतून थाप मारी, मग आपण डिकी उघडायची.

त्या पावसाळ्यात त्याचा मुलगा गॅरेजसमोरच खनिजाच्या ट्रकाखाली गेला. तेरावं झाल्यावर गॅरेज उघडलं, तेव्हा मी गाडी घेऊन गेलो. पाईप धरून किती वेळ उभा राहिलो, थाप येईना. घाबरून डिकी उघडली. टॉर्च विझवून, पाय पोटाशी घेऊन तो पडला होता.

"मिस्त्री, गळती मिळाली नाही?"

"ती मघाशीच गावली," तो तसाच पडून म्हणाला. "हय आत ट्रकांचो आवाज येना नाय. आजून थोडा पाणी सोडा."

रस्त्यावर ट्रकांची रांग चालूच होती. मी डिकी लावली आणि पाईप पुन्हा उचलला.