पाना फिरायला जागा

माझी वहिनी इंजिनिअरिंग कॉलेजात मशीन ड्रॉइंग शिकवते आणि घरात सगळ्यांच्या चुका काढते. दोन्ही कामं सारख्याच निष्ठेने. दादाने भिंतीवर खिळा ठोकला तरी ती लांबूनच डोळे बारीक करून म्हणते, "तिरका गेलाय." नणंद म्हणून मला दादाची बाजू घ्यावी लागते, पण खिळा तिरका असतोच.

मी पंपांच्या कारखान्यात खरेदी विभागात आहे. त्यामुळे वहिनीने कित्येक वर्षं माझं डोकं खाल्लं. "तुमच्या साहेबांना सांग ना, शेवटच्या वर्षाच्या मुलांना एक सत्र कारखान्यात येऊ द्या. पोरं पदवी घेऊन बाहेर पडतात आणि पंप फक्त चित्रात पाहिलेला असतो गं!" आमच्या साहेबांना सगळे थंडोबा म्हणतात. माणूस वाईट नाही, पण त्यांच्या तोंडून 'हो' निघेपर्यंत विचारणारा म्हातारा होतो. शेवटी वहिनीच येऊन त्यांच्या केबिनबाहेर ठाण मांडून बसली, तेव्हा कुठे कॉलेजचा आणि कारखान्याचा करार झाला. तोही एका वर्षाच्या बोलीवर. मुलांनी कारखान्याच्या उपयोगी पडेल असं काहीतरी करून दाखवायचं. जमलं तर पुढे चालू, नाहीतर बंद. प्राचार्यांना तो बंदच व्हायला हवा होता. "आपण इंजिनिअर घडवतो, कामगार नव्हे," असं ते ऐटीत सांगत.

काम तसं छोटंच मिळालं. मोटर आणि पंप यांना जोडणारा भाग गरगर फिरत असतो. त्यात कुणाचा हात जाऊ नये म्हणून त्याच्यावर बसवायचं नवं झाकण. एका मुलीने ते कॉम्प्युटरवर इतकं देखणं काढलं की वहिनीने जेवताना त्याचं चित्र दाखवत मोबाईल सगळ्यांच्या ताटांवरून फिरवला.

दाखवायच्या दिवशी प्राचार्य, थंडोबा, सगळी मुलं आणि काही कारण नसताना मी, असे पंपाभोवती जमलो. झाकण चपखल बसलं. आमच्या फिटरकाकांनी खाली वाकून बोल्टला पाना लावला. पाना लागला, पण फिरेना. शेजारीच पंपाचा पाय, त्यावर पान्याचा दांडा अडत होता. पडद्यावर बोल्टभोवती भरपूर मोकळी जागा दिसायची. पाना धरणारा हात पडद्यावर कुणी काढतच नाही. मुलगी रडकुंडीला आली. प्राचार्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान दिसलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"ड्रॉइंग मी तपासलंय," वहिनी म्हणाली. "चूक माझ्याही नजरेतून सुटली."

"काही बिघडलं नाही, मॅडम." फिटरकाकांना पोरीची दया आली असावी. त्यांनी खणातून दांडा कापून आखूड केलेला एक पाना काढला आणि बघता बघता बोल्ट आवळले. "झालं की!"

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात माझ्या. करार वाचला होता! वहिनीने आता फक्त तोंड मिटून उभं राहायचं होतं. पण गप्प बसेल तर ती वहिनी कसली?

"काका, हा पाना बाजारात मिळतो?"

"छे! मीच कापलाय."

"मग गिऱ्हाइकाने काय करायचं? एकदा झाकण काढलं की त्याला ते परत आवळता येणार नाही. तो ते कोपऱ्यात फेकून देईल आणि एक दिवस हात गमावून बसेल. हे जमलेलं नाही, साहेब. नापास."

मी कपाळावर हात मारला. हातातोंडाशी आलेला घास हिने स्वतःच्या हाताने ढकलला होता. वहिनी मात्र तो पाना उलटसुलट करून पाहत होती.

"हा गंजलाय. आमचं झाकण तर आज आलं. मग हा कापला होता कशासाठी?"

फिटरकाकांनी थंडोबांकडे पाहिलं. थंडोबांनी छताकडे.

"आपल्या जुन्या पंपासाठी," शेवटी थंडोबा म्हणाले. "त्याचं ड्रॉइंग माझं. नुकताच नोकरीला लागलो होतो. पदवीला पहिला आलेलो, पण पाना कधी हातात धरला नव्हता. काकांनी मला सांभाळून घेतलं, मीही गप्प बसलो. तो पंप अजून तसाच विकतोय आपण."

मग ते प्राचार्यांकडे वळले. "सर, ती एका वर्षाची बोली आता सोडून द्या. मुलं दर वर्षी येऊ देत. आणि मॅडमना आठवड्यातून एकदा आमच्याकडे पाठवा. आमच्या ड्रॉइंगवाल्यांनाही कुणीतरी नापास करायला हवं."

वहिनीचा मला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. ते मी पटकन पुसले. तिला दिसलं असतं तर जन्मभर ऐकवलं असतं.

"मॅडम," ती मुलगी हळूच म्हणाली, "म्हणजे मी नापास?"

"हो. म्हणून तर उद्या परत यायचं. आधी झाकण नीट कर, मग साहेबांचा पंप घे."

मुलीने नाक पुसलं. फिटरकाकांकडून एक अख्खा पाना मागून घेतला आणि पंपाजवळ उकिडवी बसून, तो कुठवर फिरतो आणि कुठे अडतो, ते पाहू लागली.