काचेवरची चकाकी गेली तेव्हा

इथले अनुभव मी वाचतो. खोटं कशाला बोलू, बहुतेक अर्ध्यात सोडून देतो. वीस वर्षं लग्नांचं शूटिंग करतोय. डोळ्यांना दिसतं ते आणि कॅमेऱ्यात येतं ते, यात किती फरक पाडता येतो हे मी रोज बघतो; तो फरक पाडणं हाच माझा धंदा. त्यामुळे कुणी म्हणालं की फोटोत सावली आली, तर मी आधी विचारायचो — लेन्स पुसली होती का?

आता मीच लिहायला बसलोय. कुणाला पटवायचं नाही. इतके दिवस मनात ठेवून थकलोय, एवढंच.

मी बसू, सोलापूरचा. जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. तिथे मी आणि माझी आई, दोघंच राहायचो. आई मूळची मैंदर्गीची, घरात कन्नड आणि मराठी दोन्ही, म्हणून आम्ही तिला अव्वा म्हणतो. माझी मोठी बहीण — अक्का — पुण्याला असते. माझं लग्न झालं होतं, टिकलं नाही. तो विषय इथे नको.

दोन वर्षांपूर्वी अव्वाला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. आणि एक विचित्र गोष्ट झाली, म्हणजे डॉक्टरांच्या मते विचित्र नाही, असं होतं म्हणे... तिची मराठी पुसली गेली. पन्नास वर्षं शेजारणींशी जी मराठी बोलली ती सगळी. उरली फक्त लहानपणची कन्नड, तीही दोन-तीन शब्दांची.

अव्वाचं करायला सकाळी सुनंदामावशी यायच्या. अंघोळ, जेवण, केस विंचरणं, सगळं त्या करायच्या आणि बाराला जायच्या. परत पाचला. मधले पाच तास माझे, आणि रात्रही माझी. कूस बदलायची, चादर बदलायची, औषधं द्यायची. मी शेवटची सलग झोप कधी घेतली ते मला आठवत नव्हतं. लग्नाच्या मांडवात उभ्या-उभ्या डुलकी लागायची. दुपारचं काम आलं तर अव्वाला चाकाच्या खुर्चीत खिडकीपाशी बसवायचो, बाहेरून कुलूप लावायचो आणि जायचो. वाईट वाटायचं. पण इलाज नव्हता.

शेवटी मीच अक्काला फोन करून म्हणालो, माझ्याच्यानं होत नाही. तिनं पुण्याजवळचं वृद्धांचं एक होम बघून ठेवलेलंच होतं. फॉर्म भरला. येत्या सोमवारी अव्वाला न्यायचं ठरलं.

हे घडलं त्याच्या आधीच्या गुरुवारी. एप्रिल महिना, दुपारी साडेबाराचा सुमार.

आमच्या बिल्डिंगच्या समोर, थोडं तिरकं, एक नवीन बिल्डिंग उभी राहत होती. तिच्या जाहिरातीचा व्हिडिओ मला मिळाला होता. घरापासून पन्नास पावलांवर काम, म्हणून लगेच हो म्हणालो. त्यासाठी एक नवीन फिल्टर घेतला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो — लेन्सच्या तोंडावर बसवायची काळसर काचेची चकती. हिच्यात दोन कामं एकत्र होती. एक दांडी फिरवली की काच हवी तेवढी काळी होते, म्हणजे आपल्या सोलापूरच्या उन्हात कॅमेऱ्याला गॉगल घातल्यासारखं. दुसरी दांडी फिरवली की काचेवरची, पाण्यावरची चकाकी कापली जाते. म्हणजे बंद खिडकीवर आभाळ चमकत असतं ना, ते जातं आणि खिडकीच्या आतलं दिसायला लागतं. त्यात जादू काही नाही. फक्त काचेकडे तिरकं बघावं लागतं, सरळ समोरून होत नाही. पूर्वी याला दोन वेगळे फिल्टर एकावर एक चढवावे लागायचे.

मी समोरच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर ट्रायपॉड लावला होता. कामगार जेवायला खाली गेलेले. दुसरी दांडी कितपत काम करते हे बघायला समोर एखादी काच हवी होती. समोर आमचीच खिडकी होती.

नुसत्या डोळ्यांनी खिडकीत फक्त पांढरं आभाळ दिसत होतं. मी मोठी लेन्स लावली, स्क्रीनवर बघत दांडी हळूहळू फिरवली. आभाळ विरत गेलं... आणि अव्वा दिसली. खुर्चीत, मी बसवलं होतं तशीच. पलीकडच्या बाल्कनीचा उजेड तिच्या मागून येत होता.

तिच्या मागे एक बाई उभी होती.

बाई खाली वाकलेली, त्यामुळे तोंड दिसत नव्हतं. हातात हिरव्या बांगड्या. फिकट, धुऊन धुऊन गेलेल्या रंगाचं लुगडं. ती अव्वाची वेणी घालत होती. घाई नाही, काही नाही... तीन पेड घ्यायचे, एकावर एक टाकायचे, ओढायचे.

माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? सुनंदामावशी अजून गेल्या नाहीत वाटतं, बरं झालं. इतकाच. मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलंसुद्धा, सवयीनं. मग आठवलं की मावशींना मीच दारापर्यंत सोडलं होतं आणि कुलूप मीच लावलं होतं. किल्ली माझ्या खिशात होती. मी खिशात हात घालून ती चाचपली.

कॅमेऱ्यावरून मान वर करून बघितलं — काचेवर आभाळ. परत स्क्रीनवर बघितलं — बाई. तेवढ्यात माझा हात दांडीला लागला की काय, चकाकी परत आली आणि दोघीही झाकल्या गेल्या.

मी कॅमेरा तसाच सोडून धावलो. आयुष्यात पहिल्यांदा सामान उघड्यावर टाकून गेलो असेन. कुलूप जसंच्या तसं होतं. उघडताना किल्ली दोनदा खाली पडली.

आत कुणी नव्हतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, बाथरूम, बाल्कनी, सगळं बघितलं. अव्वा खिडकीपाशी बसलेली, आणि तिच्या दोन वेण्या घातलेल्या होत्या.

सुनंदामावशी अव्वाचा अंबाडा बांधायच्या. रोज. त्या सकाळीही बांधला होता, मी डोळ्यांनी बघितला होता. आणि या दोन घट्ट वेण्या, शाळेतल्या मुलींसारख्या वर दुमडलेल्या. रबर नाही, रिबीन नाही, टोकाला केसांचीच गाठ. इतक्या घट्ट, की अव्वाच्या भुवया वर ओढल्या गेल्या होत्या. एका हातानं स्वतःची वेणी घालता येते का? तुम्हीच घालून बघा.

मी तिच्यासमोर खाली बसलो. विचारलं, "यार बंदिद्रु, अव्वा?" कोण आलं होतं?

झटका आल्यापासून तिला एवढं शांत मी बघितलं नव्हतं. म्हणाली, "शांती."

मग डाव्या हातानं वेणी चाचपून, "बिगी." म्हणजे घट्ट.

पाचला मावशी आल्या. दारातूनच म्हणाल्या, "अगं बया, आज कुनी घातल्या वेन्या?"

"तुम्ही नाही घातल्या?"

"म्या? न्हाय वो दादा. मला कुटं येतं असलं? ही तर जुन्या बायकांची गाठ हाय की."

त्यांच्याकडे किल्ली नव्हती, कधीच नव्हती. दुसरी किल्ली पुण्याला अक्काकडे. सोसायटीचा जिना आणि लिफ्टसमोरचा कॅमेराही मी बघून घेतला. मावशी गेल्यापासून एकपर्यंत फक्त मीच उतरताना आणि धावत चढताना दिसतो.

रात्री अव्वाला झोपवून क्लिप उघडली. चकाकी परत आल्यावर नुसतं आभाळ, त्याआधीचं जेमतेम अर्धं मिनिट. त्यात बाई नाही. अव्वा दिसते, मागे बाल्कनीचा उजेड दिसतो, बस. पण अव्वाचं डोकं बघा... ते मागे ओढलं जातं, थांबतं, परत ओढलं जातं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. अक्काला पाठवली. ती म्हणाली, "बसू, ती पेंगतीये. तूच किती दिवस झोपला नाहीस ते बघ आधी."

असेल. पण नवरीच्या खोलीत वीस वर्षं मी वेण्या घालतानाचं शूटिंग केलंय. पेंगणारं डोकं पुढे पडतं. वेणी घालताना ओढलेलं डोकं कसं हलतं ते मला कुणी शिकवायला नको.

शांती कोण हे अक्कालाही माहीत नव्हतं. शुक्रवारी मी मैंदर्गीला मामांना फोन लावला. मला वाटलं, कुणीतरी गेलेली मावशी वगैरे असणार. अशा गोष्टींत तसंच असतं ना.

मामा म्हणाले, "शांती? शेजारची शांती की! तुज्या आईची मैत्रीन. दोगी बी ओट्यावर बसून एकमेकीची येनी घालायच्या. लई जीव एकमेकीवर."

"कधी वारल्या त्या?"

"वारली? काय बोलतोस रं! चांगली जित्ती हाय की. कालच देवळात दिसली मला."

फोन ठेवल्यावर मला जास्त भीती वाटली. मेलेली असती तर निदान... निदान काहीतरी म्हणता आलं असतं.

शनिवारी मावशींना दिवसभर थांबवून मी मैंदर्गीला गेलो. शांती, म्हणजे आताच्या शांताबाई, ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "गंगूचा ल्योक व्हय तू! कशी हाय रं गंगू?"

त्या हातांकडे मी बघतच राहिलो. संधिवातानं बोटं पार वाकडी झालेली. शेंग फोडताना अंगठा आणि तळहात यांत धरून दाबत होत्या. हातांत बांगड्या नाहीत. त्यांचे स्वतःचे केस सून विंचरते, हे त्यांनीच सांगितलं. सोलापूरला येऊन किती वर्षं झाली ते त्यांना आठवत नव्हतं. गुरुवारी दुपारी काय करत होता, असं मी विचारलं, तर सून आतून म्हणाली, दळण निवडत होत्या, माझ्यासमोरच.

मी त्यांना सगळं सांगितलं. क्लिपही दाखवली. त्या घाबरल्या नाहीत. डोळ्यांजवळ मोबाईल धरून तीनदा बघितली. मग म्हणाल्या, "मला ने गंगूकडं."

रविवारी सकाळी मामांच्या मुलाच्या गाडीतून त्या आल्या. मला वाटत होतं, आता काहीतरी उलगडेल. दोघी भेटतील, अव्वा रडेल, आणखी एखादा शब्द बोलेल. शांताबाई तिच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या, तिचा लुळा हात मांडीवर घेतला, कन्नडमध्ये बोलत राहिल्या. विहीर, शाळा, चिंचा... कायकाय.

अव्वानं सगळं ऐकून घेतलं. पाहुण्यांचं ऐकावं तसं. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "इकी यार?"

ही कोण?

"शांती, अव्वा. तुझी शांती."

अव्वानं मान हलवली. नाही.

शांताबाई पदरानं डोळे पुसत हसल्या. चहा घेतला, अर्धी भाकरी खाल्ली. मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेलो, तेव्हा मी म्हणालो, मावशी, मग येते ती कोण? त्या म्हणाल्या, "मला कसं ठावं? मी न्हवं, एवडं खरं. पर जी कोन येती तिला येऊ दे की रं. तिला बरं वाटतंय न्हवं?"

त्या रात्री मी अक्काला फोन करून सोमवारचं रद्द केलं. ती खूप बोलली. मी ऐकून घेतलं. शेवटी ती स्वतः महिन्यातले दहा दिवस येऊन राहायला लागली. मी दुपारची कामं सोडली.

अव्वा त्यानंतर सात महिने होती. तेवढ्यात आणखी दोनदा तिच्या वेण्या घातलेल्या सापडल्या. दोन्ही वेळा मी शेजारच्या खोलीत झोपलेलो होतो, दुपारी, दार आतून बंद. ती शांत असायची, त्या रात्री मला उठवायची नाही. फिल्टर लावून बघावं असं मनात आलं. नाही बघितलं. धीर झाला नाही म्हणा, किंवा आपण बघायला लागलो तर ती यायची थांबेल असं वाटलं म्हणा.

एका डॉक्टर मित्राला क्लिप दाखवली, एका फोटोग्राफर मित्रालाही. एक म्हणतो, मेंदू थकला की माणसं दिसतात. दुसरा म्हणतो, समोरच्या बिल्डिंगमधलं कुणाचं तरी प्रतिबिंब असेल. अव्वा गेल्यावर मी त्या काचेवर त्याच जागेवरून, त्याच वेळेला, त्याच फिल्टरनं चार वेळा शूट केलं. आत फक्त रिकामी खुर्ची होती. काही आलं नाही. आणि प्रतिबिंब वेण्या घालत नाही.

अक्का अजून अधूनमधून विचारते — सगळं ठरलं होतं, शेवटच्या दिवशी का रद्द केलंस? मी म्हणतो, जीव झाला नाही. तिला ते पटतं. खरं कारण तिला सांगितलेलं नाही, इथेच पहिल्यांदा लिहितोय. रविवारी रात्री अव्वाची बॅग भरत होतो, तिच्या औषधांची यादी करत होतो, होमचा पत्ता कागदावर लिहीत होतो. आणि माझ्या मनात आलं, की ती जी कोण येते, तिला हा पत्ता कोण देणार?