एका अँपिअरचा भोंगा

"थांबा मास्तर, साची राहिना." पंखे-मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात बसलेले नाना हात वर करून म्हणत. म्हणजे, अजून साचतोय. साचत असे तो करंट. सोनगीरला माझ्या घरासमोरच त्यांचं दुकान होतं, म्हणून हे वाक्य मी रोज ऐकलं.

अक्कांना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, फारसं ऐकू येत नसे. त्या नाल्यापलीकडच्या शेतात असत. नानांचे गुडघे नाल्यापर्यंतही जात नसत, आणि अक्का आल्याशिवाय ते जेवत नसत. म्हणून त्यांनी भंगारातून ट्रकचा भोंगा आणला आणि सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या जुन्या पॉवर सप्लायला जोडला. भोंगा 'टिक' म्हणाला. बस, तेवढंच.

"सप्लाय एकच अँपिअर देस. भोंगाले आठ लागतस," नाना म्हणाले. मग त्यांनी दुसरा सप्लाय शेजारी जोडला. दोघांचे व्होल्ट जुळले नाहीत. एक थंड बसून राहिला, दुसरा इतका तापला की नानांनी त्याच्यावर रुमाल वाळवला.

शेवटी त्यांनी मोटरसायकलची जुनी बॅटरी मध्ये घातली. सप्लायचा बारीक स्क्रू पिळून व्होल्ट साडेतेरापर्यंत नेले. सकाळभर थेंब थेंब भरायचं, बाराला एकदम सोडायचं. पहिल्या दिवशी भोंगा असा ओरडला की समोरच्या न्हाव्याच्या हातून गिऱ्हाइकाची अर्धी मिशी गेली. गिऱ्हाईक भांडायला आलं. नाना त्याला म्हणाले, "बसा भाऊ. उरलेली उद्या बाराले."

पण नाल्यापलीकडून अक्का खरोखरच येताना दिसल्या. "ऐकू येस तिले," नाना मला म्हणाले. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

त्यानंतर कितीतरी वर्षं, बाराच्या आधी कोणी बटणाकडे नुसतं पाहिलं तरी नाना हात वर करत.

नाना गेले. त्यानंतर अक्का शेतातून चार-चार वाजता परतू लागल्या, उपाशीच. मी एकदा कानाशी जाऊन मोठ्याने विचारलं, "भोंगा वाजत नाही, म्हणून वेळ कळत नाही का?"

"माले कोठे ऐकू येस मास्तर? निंबावरनी कबुतरं उडनात का मी निघू."

"नानांना कधी सांगितलं नाही?"

"इतली मेहनत करेल व्हती त्यास्नी," त्या म्हणाल्या आणि पदराने ओठ पुसले.

दुसऱ्या दिवशी मी किल्ली मागून दुकान उघडलं. सप्लायचा हिरवा दिवा चालूच होता. बाराला बटण दाबलं. भोंगा ओरडला, समोर न्हाव्याने सवयीने वस्तरा वर उचलला, आणि दुकानामागच्या कडुनिंबावरून सगळी कबुतरं एकदम उठली.

नाल्यापलीकडे अक्कांनी वर पाहिलं. विळा कमरेला खोचला. निघाल्या.

मला बटण सोडवेना. आवाज हळूहळू बसत गेला, आणि शेवटी नुसतं 'टिक' उरलं.