ओल्या पोत्यांचं वजन

भूकंपानंतर सरकारने दिलेलं पत्र्याचं शेड पक्कं घर मिळाल्यावरही आम्ही मोडलं नव्हतं. कडबा, अवजारं, नको ते सगळं तिथे जायचं. त्यातच माझ्या भावाने मुळासकट उपटलेल्या ओल्या गांजाची दोन पोती दडवली. तो लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला होता. खोलीवरची पोरं गांजा ओढायची, आणि हा दीडशहाणा त्यांना पुरवायला निघाला होता.

पोलिसांनी येऊन पोती बाहेर काढली तेव्हा भाऊ घरीच होता. वडील पुढे झाले.

"माल माझा हाय. पोराला काई ठावं न्हाई."

आमच्या गावची रीतच होती ती. हातभट्टीवर धाड पडली की घरातला थोरला गुन्हा स्वतःवर घ्यायचा, तालुक्याला दंड भरायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. वडिलांना वाटलं, हेही तसलंच. जाताना आईला म्हणाले, "भाकर झाकून ठेव, सांजच्याला येतो."

औशाच्या वकिलांनी आम्हाला कायदा समजावला. गांजा किलोभर असेल तर शिक्षा महिन्यांत मोजायची. वीस किलोच्या वर गेला की तो व्यापाराचा माल, मग दहा वर्षांच्या खाली बात नाही. खरं तर कायद्याच्या लेखी गांजा म्हणजे नुसता फुलोरा. पण पोलिसांनी ओली झाडं देठ, मुळं, मातीसकट अडतीच्या काट्यावर टाकून तेच वजन पंचनाम्यात लिहिलं होतं. चिखलाने माझ्या बापाला वीस किलोच्या पार नेलं.

जामीन झाला नाही. मधल्या काळात भावाचा मेडिकलला नंबर लागला, पेढेही वाटले गेले. मला तो पेढा गिळवला नाही.

वकिलांनी वडिलांना बजावलं होतं, पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, माल माझा नाही एवढंच म्हणा, उघड्या शेडात कुणीही पोती टाकेल. न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा वडिलांना शिक्षा किती ते पक्कं ठाऊक होतं. आपला नाही म्हटलं की मग कुणाचा, हेही निघणार होतं. त्यांनी मागे वळून भावाकडे पाहिलं. तो खाली मान घालून बसला होता. मी त्याला कोपराने ढोसलं. तो उठला नाही.

"माझाच हाय, साहेब," वडील म्हणाले.

दहा वर्षांची शिक्षा झाली, ती संपायच्या आत ते तुरुंगातच वारले. भाऊ आता मोठा डॉक्टर आहे, त्याच्या हाताला गुण आहे म्हणतात. माझी पोरं तापाने फणफणली तरी मी त्याच्या दारात जात नाही.