बाई विचारत नाहीत

बाळंतपणं करणाऱ्या या बाईंना सगळी वस्ती नुसतं 'बाई' म्हणते. त्यांचं खरं नाव शेजारणीलाही क्षणभर आठवावं लागेल. नर्सिंग शिकल्या, मोठ्या हॉस्पिटलात उमेदवारी केली आणि मग स्वतःच्या हिमतीवर घरोघरी जाऊन गरोदर बायकांना तपासू लागल्या. बोलायला फटकळ, पण हात इतका हलका की पोट तपासतानाच बायकांचा डोळा लागायचा.

त्यांची एक पद्धत होती. कळा सुरू झाल्या की त्या पोरीने फोनवर 'सुरू' एवढाच मेसेज टाकायचा. बाई 'निघाले' लिहून चपला घालायच्या. कळा कशा येताहेत, किती वेळाने येताहेत, ते तिथे पोचल्यावर. "अडलेल्या बाईची उलटतपासणी कसली घेता?" असं त्या शिकाऊ नर्सना झापायच्या. कितीतरी बाळं अशी सुखरूप जन्मली होती, त्यामुळे या पद्धतीत खोट काढायची कुणाची टाप नव्हती.

त्या दुपारी बाई जेवून हात धूत होत्या, तेवढ्यात मेसेज वाजला. जुळ्यांच्या आईचा. तिचं बाळंतपण बाईंनीच केलेलं. 'बाई, माझा कोड चुकून तुमच्या नंबरवर आलाय. लगेच पाठवा, फार घाई आहे.' कोड खरंच आला होता, आणि त्याच्याखाली लिहिलं होतं, हा कोणालाही सांगू नका. ती ओळ बाईंनी वाचली नाही असं नाही, चांगली वाचली. पण पलीकडे कुणीतरी अडलंय म्हटल्यावर बाईंचा अंगठा थांबतोय कसला! कोड पाठवला आणि टॉवेलला हात पुसून त्या आडव्या झाल्या.

डोळा लागतो न लागतो तोच दार वाजलं. तळमजल्यावर औषधांचं दुकान चालवणारी ताई धापा टाकत उभी होती.

"बाई, तुम्ही माझ्याकडे कोड कशाला मागताय?"

"मी? तुझ्याकडे? डोकं ठिकाणावर आहे ना?"

औषधवाल्या ताईने फोन पुढे केला. वर बाईंचाच फोटो, बाईंचंच नाव, आणि खाली शब्दन् शब्द तोच मजकूर. बाईंनी घाईघाईने आपला फोन उघडला. हे मेसेजचं अकाउंट दुसऱ्या फोनवर चालू आहे, असं म्हणून तो मोकळा झाला.

"जुळ्यांच्या आईचं आधीच कुणीतरी बळकावलं असणार. आता तुमचं," ताई म्हणाली. "पुन्हा तुमचा नंबर टाका. नवा कोड तुमच्याच फोनवर येईल, तो घातला की चोर बाहेर."

बाईंनी नंबर टाकला. उत्तर आलं, फार वेळा प्रयत्न झालाय, थोड्या वेळाने बघा. चोराने मुद्दाम पुन्हापुन्हा चुकीचे कोड टाकून तेवढी सोय करून ठेवलेली. ताई तोंडाला येईल ते बोलली, पण बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं.

"गच्चीवाली," त्या म्हणाल्या.

एका जुन्या इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत राहते म्हणून ती गच्चीवाली. दिवस भरलेले, नवरा कामावर दूरगावी, आणि पोटातलं बाळ पायाळू. ऑपरेशनची तारीख ठरली होती, पण बाळाला तारीख कुठली कळते? पायाळू बाळाचं पाणी गेलं की कधीकधी नाळ आधी खाली घसरते आणि बाळाच्याच भाराने दबते. तसं झालं तर हातात फार वेळ नसतो. म्हणून बाईंनी तिला बजावून ठेवलं होतं, "पाणी गेलं की उठायचं नाही. दाराची कडी आधीपासून काढून ठेव. कमरेखाली उशा घे आणि मला लिही. गाडी मी आणते."

आता ती लिहिणार कुणाला?

बाईंनी फोन लावला. एकदा वाजला आणि कापला गेला. परत लावला, परत कापला.

"ती माझा फोन कापतेय," बाई म्हणाल्या.

"निघा तुम्ही. अँब्युलन्स मी बोलावते," ताईने त्यांची बॅग त्यांच्या खांद्याला अडकवलीसुद्धा.

या वयात बाई पळाल्या. काही झालं नसेल तर गच्चीवाली पोट धरून हसेल. हसू दे, जन्मभर हसू दे. सिग्नलला गाडीवाल्याने शिवी दिली, ती त्यांनी घेतली. जिन्यात छातीत कळ आली, ती त्यांनी मोजली नाही.

दार नुसतं लोटलेलं होतं. गच्चीवाली उशांवर कंबर टेकवून निपचित पडली होती. तोंड पांढरंफटक, दोन्ही हातांत फोन घट्ट धरलेला.

"आलात?" ती म्हणाली आणि रडायला लागली.

बाईंनी हातमोजे चढवले. बोटांना नाळ लागली. नाळेत ठोका होता, पण मंद. बाईंनी बाळ अलगद वर सारून धरलं, आणि मग तो हात काढलाच नाही. स्ट्रेचरवरून जिना उतरताना, अँब्युलन्समध्ये, हॉस्पिटलच्या लांबलचक पॅसेजमधून, बाई अर्ध्या वाकून स्ट्रेचरबरोबर धावत राहिल्या. ऑपरेशन थिएटरमधल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सोडा आता," तेव्हा कुठे सोडला.

बाई बाहेरच्या बाकावर टेकल्या. तोवर ताई बाईंचा घरी राहिलेला फोन घेऊन आली होती. नवा कोड एकदाचा आला, अकाउंट परत मिळालं, आणि ताईने लगेच वर आणखी एक पिन लावायला लावला, फक्त बाईंच्या डोक्यात राहील असा. मग बाई एकेका पोरीला फोन लावू लागल्या. पहिलीने तर आवाज ऐकूनच कापला. बाईंना राग आला नाही. उचललेल्यांना त्या सांगत राहिल्या, "मी कोड मागितलेला नाही आणि मागणारही नाही. कुणीही मागू दे, द्यायचा नाही. शंका आली तर सरळ माझ्या दारात या."

बोलता बोलता आतून रडणं ऐकू आलं. बाईंनी फोन मांडीवर ठेवला आणि तोंड झाकून घेतलं.

संध्याकाळी गच्चीवाली शुद्धीवर आली. कुशीत मुलगी होती. तिने फोन बाईंच्या हातात दिला.

'बाई, पाणी गेलं.'

'येते. आधी बँकेकडून आलेला कोड पाठवा.'

'पाठवला.'

'आणखी एक आलाय, तोही पाठवा. माझ्या नंबरवरून कॉल आला तर उचलू नका, तो चोर आहे.'

'पाठवला. बाई, येताय ना?'

त्याखाली काही नव्हतं. खात्यातलं जे जायचं ते गेलं होतं. ताईने बँकेला कळवून उरलेलं वाचवलं.

"अगं, बाळ येतंय आणि मी कोड मागतेय! तुला विचित्र नाही वाटलं?" बाई कळवळून म्हणाल्या.

"वाटलं ना. तुम्ही तर मला अहोजाहो करत होतात. म्हटलं, रागावल्या असतील." ती मुलीच्या डोक्यावरून बोट फिरवत राहिली. "पण तुम्ही कधी आम्हाला काही विचारलंत? नुसतं निघालात. मग मी कशी तुम्हाला विचारू?"

बाईंनी फोन उशाशी ठेवला आणि तिचा हात हातात घेतला.

"विचारायचं," त्या म्हणाल्या. "मी चिडले तरी विचारायचं."