मास्तरांची गोल लाट

मास्तरांना झुरळाची, वासाची, कशाचीच शिसारी येत नसे. त्यांना शिसारी यायची ती चौकोनी लाटेची. विजेची लाट दाखवणाऱ्या स्कोपच्या हिरव्या पडद्यावर आमच्या इन्व्हर्टरची वीज कोपरे काढत धावू लागली की ते तोंड फिरवत. "शिरा पडो हिच्यावर! ही काय वीज आहे?"

ऐंशीच्या दशकात मुलुंडची वीज कधीही जायची, त्यामुळे आमच्या शेठचा इन्व्हर्टरचा धंदा जोरात होता. कोंदट गाळा, आम्ही सहाजण. मास्तर सर्किट आखायचे, मी जोडणी आणि टेस्टिंग करायचे. सोल्डरिंग मला त्यांनीच शिकवलं. जोड ओबडधोबड झाला तर बोलत नसत, कापून माझ्यासमोर ठेवत. मला असा राग यायचा!

टेस्टिंगला शेठ बल्ब लावायला सांगत. मास्तर टेबलफॅन लावून कान देत. चौकोनी लाटेवर पंखा घुंघुं करी, तापे. "बल्ब कशावरही पेटतो गं, बेशरम मेला. मोटारला विचार."

शेठ हसत. "मास्तर, कस्टमरला उजेड दिसला, खलास! गोल नि चौकोन कोण बघतो यार?"

बघणारी एक आली. जवळच्या प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाई. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या ऊबदार पेटीतला पंखा आमच्यासारख्याच एका इन्व्हर्टरवर तापून बंद पडला होता. घरच्या विजेसारखी गोल लाट मिळाली तरच त्या घेणार होत्या. शेठनी लगेच "देऊ की" म्हटलं. मास्तर जुन्याच सर्किटपुढे तारेच्या वेढ्यांचा चोक आणि कपॅसिटर जोडून लाटेचे कोपरे घालवायला बसले. चोक तापायचा. लोड बदलला की लाट पुन्हा बेढब. ते तारेचे वेढे सोडायचे, पुन्हा घालायचे. "अजून आठ दिवस द्या," म्हणाले.

शेठनी दिले नाहीत. बाई यायच्या त्या सकाळी त्यांनी मला सांगितलं, स्कोपची वायर इन्व्हर्टरला नको, टेबलाखालून भिंतीतल्या प्लगला जोड. वायर पुरेना, म्हणून मी तुकडा सोल्डर करून वाढवली. नोकरी जाईल म्हणून केलं, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आले. खरं म्हणजे तेव्हा मला फारसं काही वाटलंच नाही. त्याचीच आज सगळ्यात जास्त किळस येते.

पडद्यावर सुरेख गोल लाट आली. "बघा मॅडम, झकास!" शेठ म्हणाले. बाईंचा चेहरा उजळला. मास्तर पडद्याकडे बघत राहिले. मग पुढे झाले आणि बॅटरीची वायर उपटली. इन्व्हर्टर बंद पडला, त्याच्यावरचा बल्ब विझला. लाट मात्र पडद्यावर तशीच मजेत धावत होती.

बाई ताडकन उठून गेल्या. शेठ शिव्या देत सुटले. मास्तरांनी टेबलाखाली वाकून वायरचा जोड पाहिला. साफ, घट्ट, त्यांनी शिकवला तसा.

"शेठचं सोड, तो तसाच आहे. हे तू केलंस?"

मी मान डोलावली. त्यांनी डबा उचलला आणि जिना उतरून गेले.

पुढे त्यांनी घरीच ते मशीन पुरं करून प्रसूतिगृहात बसवलं, असं कानावर आलं. मी तो रस्ताच टाकला. काही वर्षांनी मास्तर वारल्याचं कळलं, तेव्हा मात्र त्यांच्या दारापर्यंत गेले. त्यांच्या पत्नीने विचारलं, "तुम्ही कोण?"

मास्तरांकडे काम शिकले, एवढंच सांगायचं होतं.

"शेजारच्या गाळ्यातली," मी म्हणाले.